राज्य शासनातील मालवाहतूक नियोजन: कामाचे स्वरूप, संबंधित योजना आणि नागरिकांचा सहभाग

शेतातून बाजार समितीत, कारखान्यातून बंदरात, गोदामातून किराणा दुकानात जाणाऱ्या मालासाठी रस्ते, पूल, मालधक्के, वाहनतळ आणि प्रवेशाच्या वेळा आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. हे काम म्हणजे मालवाहतूक नियोजन. केंद्र शासनाच्या पीएम गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखड्यामुळे (१३ ऑक्टोबर २०२१) आणि राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणामुळे (१७ सप्टेंबर २०२२) या कामात राज्य शासनांची जबाबदारी वाढली आहे.

राज्याचा मालवाहतूक नियोजनकार नेमके काय करतो, कोणत्या नोंदींवरून निर्णय घेतो, त्या नोंदींतून कोणाचा माल सुटतो आणि शेतकरी, ट्रकमालक, चालक, व्यापारी व ग्रामपंचायतींना आपले म्हणणे कुठे मांडता येते, याची माहिती या लेखात दिली आहे. या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठीही शेवटी माहिती आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग आणि मोठी बंदरे केंद्राकडे आहेत. तिथपर्यंत पोहोचणारे बहुतेक रस्ते राज्याकडे आहेत.
- जड वाहनांवर प्रवेशबंदी घालणे आणि वाहनांसाठी थांबे ठरवणे हे अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार राज्य शासनाकडे किंवा राज्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे असतात.
- ई-वे बिल आणि फास्टॅगच्या नोंदींत ताजा शेतमाल व ट्रॅक्टरची वाहतूक फारशी दिसत नाही. ती प्रत्यक्ष मोजणीतूनच पुढे येते.
- विकास आराखड्यावरील हरकती, ग्रामसभेचा ठराव, जिल्हा नियोजन समिती आणि माहितीचा अधिकार हे नागरिकांसाठी खुले असलेले मार्ग आहेत.

राज्याच्या हातात काय आहे?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी केली आहे. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, राष्ट्रीय जलमार्ग आणि मोठी बंदरे संघ सूचीत येतात. उरलेले रस्ते, पूल आणि नौका-घाट राज्य सूचीत आहेत. यांत्रिक वाहने आणि मोठ्या बंदरांव्यतिरिक्तची बंदरे समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात.

ही वाटणी कागदावर स्पष्ट असली तरी मालाची एक खेप तिन्ही सूचींतून जाते. समजा, एका तालुक्यातून द्राक्षांचा कंटेनर बंदराकडे निघाला. पहिले काही किलोमीटर ग्रामीण रस्ता, पुढे राज्य महामार्ग, मग राष्ट्रीय महामार्ग, शेवटी बंदराचे आवार. राष्ट्रीय महामार्ग सहापदरी झाला, पण गावाजवळचा पूल जड वाहनाला पेलवत नसेल, तर कंटेनर शेतापर्यंत येणार नाही. माल छोट्या गाडीत भरून पुढे कंटेनरमध्ये हलवावा लागेल. एका जादा चढ-उताराने खर्च वाढतो आणि नाशवंत मालाची नासाडीही होते. अशा जोडांच्या जागा शोधणे आणि त्या दुरुस्त करण्यासाठी प्रस्ताव तयार करणे हे राज्याच्या नियोजनकाराचे मुख्य काम आहे.

मालवाहतूक नियोजनकार कोणत्या विभागात असतो?

बहुतेक राज्यांत या नावाचे एकच पद नसते. काम अनेक विभागांत विभागलेले असते.

- उद्योग विभाग: राज्याचे लॉजिस्टिक्स धोरण, गोदामे व लॉजिस्टिक्स पार्क यांसाठी सवलती आणि जागा.
- सार्वजनिक बांधकाम विभाग: रस्ते व पुलांची क्षमता, वाहतूक गणना, नव्या कामांचे अंदाजपत्रक.
- परिवहन विभाग: परवाने, वाहनांचे वजन, तपासणी.
- नगरविकास व नगररचना विभाग: विकास आराखड्यात ट्रक टर्मिनल, घाऊक बाजार आणि गोदामांसाठी आरक्षण.
- वाहतूक पोलीस व जिल्हा प्रशासन: प्रवेशबंदी, वेळा, वळवलेले मार्ग.

पीएम गतिशक्तीनंतर या विभागांना एका टेबलाशी आणण्यासाठी राज्यांत तीन स्तरांची रचना करण्यात आली. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली सचिवांचा अधिकारप्राप्त गट, त्याखाली विविध विभागांच्या नियोजन अधिकाऱ्यांचा नेटवर्क नियोजन गट आणि त्यांना मदत करणारा तांत्रिक साहाय्य कक्ष. मालवाहतुकीचे प्रत्यक्ष विश्लेषण बहुधा या कक्षात किंवा वर सांगितलेल्या विभागांत होते. केरळमध्ये नॅटपॅक ही राज्य शासनाच्या अखत्यारीतील संस्था वाहतूक नियोजन व संशोधनाचे काम अनेक दशके करत आहे.

कामाचे टप्पे

१. माल कुठून कुठे जातो, हे शोधणे

प्रवासी वाहतुकीत माणसाला विचारता येते. मालाच्या बाबतीत उत्तर अनेकांकडे वाटलेले असते. माल काय आहे हे व्यापाऱ्याला माहीत असते, भाडे हुंडेकऱ्याला, रस्ता चालकाला आणि वजन काट्यावरच्या माणसाला. म्हणून नियोजनकार अनेक नोंदी एकत्र ठेवून पाहतो.

ई-वे बिल ही त्यातील मोठी नोंद आहे. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाच्या वाहतुकीसाठी ते सर्वसाधारणपणे आवश्यक असते. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी काही राज्यांनी वेगळी मर्यादा ठेवली आहे. महाराष्ट्रात ती १ लाख रुपये आहे. या बिलात माल निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण पिनकोडसह असते. फास्टॅगमुळे वाहन कोणत्या टोल नाक्यावरून कधी गेले हे समजते. रेल्वेच्या मालवाहतुकीची नोंद रेल्वेच्या स्वतंत्र संगणक प्रणालीत असते. अशा अनेक शासकीय प्रणाली जोडण्यासाठी युलिप हा एकत्रित मंच राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत सुरू झाला.

२. नोंदींत न दिसणारा माल मोजणे

या टप्प्याकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे. ताज्या भाज्या, ताजी फळे, दूध अशा जीएसटीतून सूट असलेल्या मालाला ई-वे बिल लागत नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नियमांत ट्रॅक्टर व बैलगाडीला सर्वसाधारणपणे शुल्क नाही, त्यामुळे त्यांची फास्टॅग नोंदही होत नाही. गावच्या रस्त्यावर तर टोल नाकाच नसतो.

परिणामी, संगणकावरील नकाशात सिमेंट, पोलाद, मोटारी आणि कंटेनर ठळक दिसतात. कांदा, टोमॅटो, दूध आणि ऊस पुसट दिसतात. केवळ याच नकाशावरून निधी वाटला, तर कारखान्याकडे जाणारा रस्ता रुंद होईल आणि बाजार समितीकडे जाणारा तसाच राहील. कोणाचाही वाईट हेतू नसताना असे घडू शकते.

ही उणीव भरून काढण्यासाठी रस्त्याच्या कडेला बसून वाहने मोजावी लागतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्रामीण भागातील रस्त्यांवर वर्षातून किमान दोनदा, सलग ७ दिवस, २४ तास गणना करायची असते. त्यातील एक गणना पीक काढणी व विक्रीच्या ऐन हंगामात आणि दुसरी मंदीच्या काळात घ्यावी, असे या सूचना सांगतात. ऊसपट्ट्यातील वाचकांना याचे कारण वेगळे सांगायला नको. गळीत हंगामात ज्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग असते, तोच रस्ता जुलैमध्ये मोकळा दिसतो.

गणनेत सर्व वाहने सारखी धरली जात नाहीत. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या मानकात मोटारीला १ एकक धरले, तर ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी तिच्या आकारानुसार ६ ते ८ एकके धरली जाते. वाहन रस्त्याची किती जागा अडवते आणि इतरांचा वेग किती कमी करते, यावरून हे आकडे ठरले आहेत. म्हणून हंगामातील गणना चुकली, तर रस्त्यावरचा खरा भार बराच कमी दिसतो.

३. चालकांची मुलाखत

गणनेसोबत काही वाहने थांबवून चालकाला प्रश्न विचारले जातात: कुठून आलात, कुठे चाललात, कोणता माल आहे, किती वजन आहे, परतीला माल मिळतो की गाडी रिकामी जाते, चढ-उतारासाठी किती थांबावे लागते. शेवटचे दोन प्रश्न फार मोलाचे आहेत. रिकाम्या परतीचे डिझेलही शेवटी मालाच्या भाड्यातच धरले जाते.

या मुलाखतीत भाषेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातील नाक्यावर पंजाब, राजस्थान, तमिळनाडू किंवा बिहारचा चालक असू शकतो. प्रश्नावली एकाच भाषेत असेल, तर मोजणी कर्मचारी अंदाजाने रकाने भरतो. शिवाय अनेक चालकांना ही तपासणी वाटते आणि दंडाच्या भीतीने वजन कमी सांगितले जाते. म्हणून ही पाहणी दंडासाठी नाही, हे चालकाला समजेल अशा भाषेत सुरुवातीलाच सांगणे आवश्यक असते. बिल्टी, खेप, भाडे, वजनकाटा, रिकामी फेरी असे धंद्यातले शब्द वापरले, तर उत्तरे अधिक अचूक मिळतात.

४. वजन आणि रस्त्याचे आयुष्य

रस्त्याची जाडी एकूण वाहनांपेक्षा त्यांच्या आसांवरील भारावर ठरते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते चाचण्यांतून असे दिसले की आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतातही रस्त्याचे संकल्पन करताना हे तत्त्व वापरले जाते.

एक उदाहरण पाहू. चार टायरच्या एका आसाला ११.५ टन भाराची परवानगी आहे. त्यावर १५ टन भार टाकला, तर भार सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. पण रस्त्याची झीज जवळजवळ २.९ पट होते. म्हणजे १५ वर्षे टिकेल असा हिशेब करून बांधलेल्या रस्त्यावर सगळेच ट्रक असे भरले, तर तो साधारण ५ वर्षांतच उखडू लागेल.

२०१८ मध्ये केंद्र शासनाने कायदेशीर मर्यादाही वाढवली. त्याच आसाची मर्यादा आधी १०.२ टन होती. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. यामुळे एका खेपेत जास्त माल जाऊ लागला आणि प्रति टन खर्च घटला. दुसरीकडे, वरच्याच सूत्राने पाहिल्यास मर्यादेपर्यंत भरलेल्या आसामुळे होणारी झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. महामार्गाला हा भार पेलवतो. जुन्या जिल्हा मार्गांना आणि पुलांना पेलवेलच असे नाही. कोणत्या मार्गाचे मजबुतीकरण आधी करायचे, हे ठरवण्यासाठी आसभाराची पाहणी करावी लागते.

मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही संबंधितालाच करावा लागतो.

५. रस्ता, रेल्वे की जलमार्ग?

माल रस्त्यावरून रेल्वेवर नेण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेनुसार मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे ठरले आहे. पण मालधनी निर्णय घेताना पूर्ण खर्च पाहतो. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, रस्त्याने एका टनाला प्रति किलोमीटर २.५० रुपये आणि रेल्वेने १.५० रुपये खर्च येतो. रेल्वेसाठी मात्र दोन्ही टोकांना ट्रक लागतो आणि दोन जादा चढ-उतार होतात; त्यांचा खर्च टनामागे ५५० रुपये धरू.

- ३०० किलोमीटरसाठी: रस्त्याने ७५० रुपये, रेल्वेने ४५० + ५५० = १,००० रुपये.
- ६०० किलोमीटरसाठी: रस्त्याने १,५०० रुपये, रेल्वेने ९०० + ५५० = १,४५० रुपये.

म्हणजे ५५० किलोमीटरच्या आत रेल्वे परवडत नाही. आता राज्याने मालधक्क्यापर्यंतचा रस्ता सुधारला, जवळ गोदामाला जागा दिली, यांत्रिक चढ-उताराची सोय झाली आणि जादा खर्च ५५० वरून ३०० रुपयांवर आला, तर रेल्वे ३०० किलोमीटरपासूनच परवडू लागते. रेल्वे केंद्राची असली तरी तिचा वापर वाढवणे बऱ्याच अंशी राज्याच्या हातात आहे, हे यावरून लक्षात येईल.

चढ-उतार टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवणे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा ही सेवा सुरू केली. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेवर गुजरातमधील पालनपूरहून हरियाणातील नवीन रेवाडीपर्यंत दुधाचे टँकर अशाच प्रकारे नेले जातात.

पर्यायी मार्ग असणे हेही नियोजनाचे उद्दिष्ट असते. काश्मीरमधील सफरचंदाचा हंगाम ऐन भरात असताना श्रीनगर महामार्ग बंद पडला, की ट्रकमध्येच फळ सडू लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये अशीच कोंडी झाली, तेव्हा बडगामहून दिल्लीला सफरचंदासाठी पार्सल गाडी सुरू करण्यात आली. असा पर्याय संकटाच्या वेळी उपयोगी पडायचा असेल, तर स्थानकापर्यंतचा रस्ता, वजनकाटा आणि माल ठेवण्याची जागा आधीपासून तयार असावी लागते.

६. शहरातील प्रवेश आणि थांबे

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्ता-पुलाची स्थिती लक्षात घेऊन जड वाहनांवर निर्बंध घालता येतात. एक महिन्यापेक्षा जास्त काळाच्या निर्बंधासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. कलम ११७ नुसार स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून वाहनांसाठी थांबे निश्चित करता येतात.

ही दोन कलमे एकत्र वापरणे अपेक्षित आहे. शहरात सकाळी ८ ते रात्री १० प्रवेशबंदी लावली आणि हद्दीबाहेर थांबा दिला नाही, तर ट्रक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. अंधारात उभ्या ट्रकवर मागून दुचाकी आदळून होणारे मृत्यू आपण वर्तमानपत्रांत वाचतो. चालकाला शौचालय, पाणी, झोपायला सुरक्षित जागा मिळत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ नुसार ५ तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत होती. अशी विश्रांती घेण्यासाठी जागा कुठे आहे, हा नियोजनाचा प्रश्न आहे.

दिल्लीभोवतीच्या पूर्व व पश्चिम परिघीय द्रुतगती मार्गांमुळे राजधानीत काम नसलेल्या ट्रकांना बाहेरून जाण्याची सोय २०१८ मध्ये झाली. मुंबईजवळ भिवंडीत मोठ्या प्रमाणावर गोदामे उभी राहिली, पण तेथील रस्त्यांवर रोज होणारी कोंडी पाहिली की गोदाम आणि रस्ता यांचे नियोजन एकत्र होणे किती गरजेचे आहे, हे कळते.

संबंधित योजना व धोरणे

- पीएम गतिशक्ती: सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांची रस्ते, रेल्वे, वनक्षेत्र, नद्या, जमिनीच्या नोंदी, वीजवाहिन्या अशी माहिती एका डिजिटल नकाशावर आणली जाते. गांधीनगर येथील बायसॅग-एन या संस्थेने हा मंच विकसित केला. नव्या रस्त्याची आखणी करताना तो जंगलातून किंवा गॅसवाहिनीवरून जातो का, हे कार्यालयातच तपासता येते. केंद्रीय स्तरावर ५०० कोटी रुपयांपेक्षा मोठे प्रकल्प नेटवर्क नियोजन गटापुढे जातात.
- राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण: २०३० पर्यंत लॉजिस्टिक्स खर्च जागतिक पातळीच्या जवळ आणणे आणि जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात पहिल्या २५ देशांत येणे ही उद्दिष्टे आहेत. २०२३ मध्ये भारत १३९ देशांत ३८ वा होता. देशाचा लॉजिस्टिक्स खर्च २०२३-२४ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ७.९७ टक्के असल्याचे शासनाचे मूल्यमापन आहे.
- लीड्स: २०१८ पासून राज्यांच्या लॉजिस्टिक्स सुविधांचे मूल्यमापन. वापरकर्त्यांचे अनुभवही त्यात विचारात घेतले जातात.
- राज्यांना भांडवली खर्चासाठी विशेष साहाय्य: केंद्राकडून ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज. २०२२-२३ मध्ये गतिशक्तीशी संबंधित कामांसाठी यात ५,००० कोटी रुपयांची तरतूद होती.
- बहुवाहतूक लॉजिस्टिक्स पार्क: आसाममधील जोगीघोपा, तमिळनाडूतील मप्पेडू, महाराष्ट्रातील वर्ध्याजवळचे सिंदी ही यातील काही ठिकाणे.
- राज्यांची धोरणे: महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केले. इतर अनेक राज्यांचीही धोरणे आहेत. सवलती आणि अटी राज्यानुसार वेगळ्या असल्याने संबंधित राज्याच्या उद्योग विभागाकडे खात्री करावी.

नागरिकांनी काय करावे?

शेतकरी, उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत

- हंगामातील एका आठवड्याची वाहनांची नोंद स्वतः ठेवावी: तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार, माल, अंदाजे वजन. बाजार समितीच्या आवक नोंदी, दूध संकलन केंद्राच्या नोंदी सोबत जोडाव्यात.
- ग्रामसभेत ठराव करून तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे पाठवावा. “रस्ता खराब आहे” एवढ्यावर न थांबता “हंगामात रोज इतके ट्रॅक्टर, इतके टन माल” असे लिहावे.
- रस्त्याची गणना हंगामात घेण्याची लेखी मागणी करावी. जिल्हा नियोजन समितीतील निर्वाचित सदस्यांनाही प्रत द्यावी.

ट्रकमालक, हुंडेकरी, चालक संघटना

- थांबण्याच्या वेळेची नोंद ठेवावी: कोणत्या ठिकाणी पोहोचलो, कधी रिकामे झालो. अनेक वाहनांची महिन्याभराची अशी नोंद हा भक्कम पुरावा ठरतो.
- प्रवेशबंदीच्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, तर मुदतीत लेखी सूचना द्याव्यात आणि थांब्याच्या जागेची मागणी त्यातच करावी.
- पाहणीच्या वेळी मालाचे खरे वजन आणि रिकामी फेरी सांगावी.

व्यापारी व शहरातील रहिवासी

- शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ट्रक टर्मिनल, घाऊक बाजार आणि गोदामांचे आरक्षण कुठे आहे ते पाहावे. हरकती व सूचना ठरावीक मुदतीतच घेतल्या जातात.
- वाहतूक गणनेचा अहवाल, आसभार पाहणी किंवा प्रस्तावाची सद्यःस्थिती माहितीच्या अधिकारात मागता येते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

या क्षेत्रात काम करायचे असल्यास

स्थापत्य अभियांत्रिकी, नियोजन, भूगोल, अर्थशास्त्र किंवा सांख्यिकीची पदवी घेऊन पुढे वाहतूक नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. दिल्लीतील नियोजन व वास्तुकला विद्यालय, काही आयआयटी व एनआयटी येथे असे अभ्यासक्रम आहेत. वडोदरा येथील गतिशक्ती विश्वविद्यालय हे वाहतूक व लॉजिस्टिक्ससाठीचे केंद्रीय विद्यापीठ आहे. अभियंता व नगररचनाकारांची नियमित पदे राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. तांत्रिक साहाय्य कक्षातील पदे अनेकदा कंत्राटी असतात. अर्ज करण्यापूर्वी कालावधी, मानधन आणि मुदतवाढीच्या अटी वाचून घ्याव्यात.

भू-माहिती प्रणाली, आकडेवारीचे विश्लेषण आणि रस्ते मानकांची ओळख ही कौशल्ये लागतातच. त्याबरोबर बाजार समितीच्या आवारात पहाटे उभे राहून हमाल, तोलणार आणि चालकांशी बोलण्याची तयारीही हवी. मराठीसोबत हिंदी आणि शेजारच्या राज्याची एखादी भाषा येत असल्यास प्रत्यक्ष पाहणीत तिचा मोठा उपयोग होतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: आमच्या गावचा रस्ता गतिशक्तीच्या नकाशावर आला, म्हणजे काम मंजूर झाले का?
उत्तर: नाही. नकाशा नियोजनासाठी आहे. कामाला संबंधित विभागाची प्रशासकीय मान्यता आणि निधीची तरतूद स्वतंत्रपणे लागते.

प्रश्न: छोट्या टेम्पोला मालवाहतुकीचा परवाना लागतो का?
उत्तर: ज्या मालवाहू वाहनाचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, त्याला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६६ मधून सूट आहे. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चालक परवाना मात्र आवश्यक आहेत.

प्रश्न: रस्ता बंद असल्याने गाडी अडकली आणि ई-वे बिलाची मुदत संपत आली तर?
उत्तर: सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत कारण नोंदवून ती वाढवता येते.

प्रश्न: मोजणी कर्मचाऱ्याला माहिती दिल्यास दंड होऊ शकतो का?
उत्तर: वाहतूक गणना व मुलाखत ही नियोजनासाठीची पाहणी असते. वजन तपासून दंड करण्याची कारवाई प्राधिकृत अधिकारी स्वतंत्रपणे करतात. पाहणी कोणत्या विभागाची आहे, हे विचारण्याचा चालकाला हक्क आहे.

प्रश्न: एका गावाने ठेवलेल्या नोंदीचा शासन खरोखर विचार करते का?
उत्तर: अशी नोंद अधिकृत गणनेची जागा घेत नाही. पण गणना कुठे आणि कोणत्या महिन्यात घ्यावी, हे ठरवताना ती उपयोगी पडते. तारीख, वेळ आणि वाहनाचा प्रकार स्पष्ट असलेली नोंद अर्जासोबत जोडावी, तिची पोच घ्यावी आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.